एका टँकमध्ये चार तरंगत्या वनस्पती: नांदतील का?

चिंचपेटी

टँकवाल्या मंडळींची मदत हवी आहे.

कोथरूडला दुसऱ्या मजल्यावर घर. टँक दोन फूट बाय एक फूट, उंची सव्वा फूट, पाणी धरून चाला ६० लिटर. दीड वर्ष झालं. आत क्रिप्टोकोरीन, जावा फर्न ही पाण्याखालची झाडं, दहाएक गप्पी आणि एक हनी गौरामी हे मासे. खालची झाडं बरी चालली म्हणून माझी भीड चेपली आणि मी वरच्या मजल्याचं बांधकाम काढलं.

आधी मैत्रिणीकडून फ्रॉगबिटची पाच रोपं आणली. मग वरच्या काकूंच्या गच्चीतल्या टबातून मूठभर साल्व्हिनिया. मग हौस म्हणून रेड रूट फ्लोटरची वीस रोपं, पैसे मोजून. चौथी मी आणलीच नाही. गप्पी आणले त्या पिशवीच्या पाण्यात डकवीडचे दोन हिरवे ठिपके होते. दुकानदार म्हणाला, "राहू द्या ताई, मासे खातात." मासे खात नाहीत.

डोक्यात चित्र होतं ते असं: डावीकडे फ्रॉगबिटची गोल पानं, मध्ये लालसर रेड रूट, कडेने साल्व्हिनियाची महिरप. पाच आठवड्यांनी साल्व्हिनियाने निम्मा टँक घेतलाय, प्रत्येक फटीत डकवीड आहे, फ्रॉगबिट पिवळं पडतंय आणि रेड रूटची वीसची सात उरलीत. मेलेली रोपं आधी ओल्या पापडासारखी पारदर्शक झाली, मग दिसेनाशीच झाली.

एलईडी आठ तास, वर काचेचं झाकण, मागे काठाला टांगलेला हँगऑन फिल्टर, त्यातून पाणी वरून पडतं. पाणी नळाचं. दर रविवारी पाव टँक पाणी बदलते. खत अजिबात नाही.

या चौघी एकत्र नांदतात का? की मी उगाच चार सवती एका घरात आणल्यात?

कोरा_चहा

दोन चौरस फुटांत चार बिऱ्हाडं? अहो, हा तर आमचा सदाशिव पेठेतला जुना वाडा झाला. भांडण संडासच्या रांगेवरून होणारच.

(रुमाल टाकून ठेवतो. जाणकार येऊ द्या.)

मुठेकाठचा

ताई, चौघींचं भांडण नंतर बघू. रेड रूट कोणामुळे मेलंय ते आधी बघा. माझा अंदाज, झाकणामुळे.

रात्री काचेच्या आतल्या बाजूला वाफ धरते आणि टपटप थेंब पडतात. रेड रूटच्या पानाची वरची बाजू कोरडी राहायला हवी. त्यावर एखादा थेंब टाकून बघा, मोत्यासारखा गोल राहील, अळूच्या पानावर राहतो तसा. तो निसटून गेला तर ठीक. रात्रभर थेंबावर थेंब पडत राहिले की पान ओलं होतं आणि ओलं झालेलं पान गळतं. ओल्या पापडाची उपमा अगदी बरोबर दिलीत. फ्रॉगबिटलाही हाच त्रास होतो, पण त्याचं पान जाड, खालून स्पंजासारखं, म्हणून ते जास्त दिवस तग धरतं.

दुसरं म्हणजे हँगऑनचा धबधबा. त्याने रोपं गोल फिरतात, फिरता फिरता धबधब्याखाली जातात, बुडतात, उलटी होतात. उलटं झालेलं रेड रूट क्वचितच सुलटं होतं. तुमची सात उरलीत ती धबधब्यापासून लांबच्या कोपऱ्यात असतील. आहेत का?

चिंचपेटी

आहेत! पुढच्या उजव्या कोपऱ्यात, सातच्या सात. काका, तुम्ही आमच्या हॉलमध्ये कॅमेरा लावलाय का?

मुठेकाठचा

सिंहगड रोडवरून तुमचा हॉल दिसत नाही. पण हीच चूक मी दोनदा केली आहे.

झाकण पूर्ण काढू नका, गौरामी उडी मारते. काच बोटभर सरकवून ठेवा किंवा झाकणाऐवजी मच्छरदाणीची जाळी ताणा, हवा खेळली पाहिजे. धबधब्याच्या तोंडाशी स्पंजचा तुकडा अडकवा, पाणी उडी न मारता घसरत उतरेल. आणि रेड रूटला रिंगण करा. बोहरी आळीत किंवा कुठल्याही टँकच्या दुकानात एअर पंपाची नळी मिळते. दोन फूट नळी घेऊन तिची दोन्ही टोकं जॉइंटरने जोडा, साडेसात-पावणेआठ इंचांचा गोल होतो. आत हवा कोंडलेली असल्याने तो तरंगतो. जोड सैल राहिला तर आत पाणी शिरून बुडतो, तेव्हा आधी बादलीत तपासा.

रिंगण काचेला पक्कं चिकटवू नका. उन्हाळ्यात आपल्याकडे पाणी झपाट्याने उडतं, पातळी खाली जाते आणि चिकटवलेलं रिंगण कानातल्या डुलासारखं लटकतं. सक्शन कपला दोऱ्याने ढिलं बांधा.

पानगळ

मी वनस्पतिशास्त्र शिकवते, म्हणून थोडी भर.

तुमचं रेड रूट म्हणजे फायलँथस फ्लुइटन्स. आवळा आणि भुईआवळा याच फायलँथस प्रजातीतले. दक्षिण अमेरिकेतल्या संथ पाण्यातला आवळ्याचा चुलतभाऊ तुमच्या हॉलमध्ये तरंगतोय. भुईआवळ्याची फांदी शेजारी धरून बघा, एका आड एक पानांची रांग दोघांची सारखी. याचं पान तेवढं फुगून, गोल होऊन पाण्यावर बसलंय.

साल्व्हिनिया हे नेचं आहे. त्याला मुळंच नसतात. प्रत्येक पेऱ्यावर तीन पानं, दोन वर तरंगतात आणि तिसरं चिरफाळून पाण्यात लोंबतं, त्यालाच आपण मूळ समजतो. मोबाइलच्या कॅमेऱ्याने वरच्या पानाचा जवळून फोटो काढा. पानावरचे केस चार-चार एकत्र येऊन टोकाला जुळलेले, अंडी फेटायच्या फेटणीसारखे दिसले, तर तुमच्याकडे साल्व्हिनिया मोलेस्टा असण्याची दाट शक्यता आहे. ती मूळची आग्नेय ब्राझीलची, केरळमध्ये हिलाच आफ्रिकन पायल म्हणतात. तिथल्या भातखाचरांना आणि बोटींच्या वाटांना हिने जेरीला आणलं होतं, मग सायर्टोबॅगस नावाचा सोंड्या किडा सोडून ती आटोक्यात आणावी लागली. हिला सुपीक बीजाणू होतच नाहीत. सगळा पसारा तुकड्यांतून. म्हणजे तुम्ही काढताना मोडलेला प्रत्येक तुकडा हेच तिचं बियाणं.

आणखी एक गंमत. जागा मोकळी असली की तिची पानं लहान, चपटी, पाण्याला टेकलेली असतात. गर्दी झाली की तीच पानं मोठी होऊन मधोमध दुमडतात, उभी राहतात. लोकांना वाटतं दोन वेगळ्या वनस्पती आहेत.

चिंचपेटी

फोटो काढला. फेटणीच आहे. काकूंना सांगितलं तर म्हणाल्या, "मी तर ती जन्माष्टमीला कमळाच्या टबात शोभेला टाकली होती."

मधल्या भागातली पानं उभी झालीत, म्हणजे गर्दीची पायरी गाठली म्हणायची.

गप्पीष्ट

माझं मत वेगळं पडेल. गप्पीच्या पिल्लांसाठी फ्रॉगबिटसारखी वनस्पती नाही. मुळं फूटभरसुद्धा लोंबतात, त्यांना बारीक केस असतात, पिल्लं त्यात दिवसभर काहीबाही टिपत राहतात. मी तर साल्व्हिनिया, डकवीड, फ्रॉगबिट सगळं एकत्र ठेवतो आणि मुठीने काढून फेकतो. कशाला हवीत रिंगणं? जे टिकेल ते आपलं.

मुठेकाठचा

तसं चालतं. पण वर्षभराने तुमच्याकडे किती जाती उरल्या?

गप्पीष्ट

डकवीड.

आणि थोडं फ्रॉगबिट. बरं, मुद्दा कळला.

पवनाकाठ

गप्पीष्ट, फेकता म्हणजे कुठे फेकता? नाल्यात, नदीत, तळ्यात नको. मी चिंचवडला राहतो. उन्हाळ्याच्या तोंडावर पवना हिरव्या गालिच्यासारखी दिसते, लांबून बघणाऱ्याला वाटतं क्रिकेटचं मैदान. मग जलपर्णी काढायची यंत्रं, ट्रक, आणि संध्याकाळी खिडक्या उघडल्या की डास. ती जलपर्णीही मूळची दक्षिण अमेरिकेचीच, फुलं सुंदर म्हणून जगभर नेलेली. नदीत तिला नायट्रेट-फॉस्फेट सांडपाण्यातून मिळतं, तुमच्या टँकमध्ये माशांच्या खाण्यातून मिळतं. हिशेब तोच.

काढलेलं सगळं गच्चीत कागदावर पसरा, कडकडीत वाळवा, मग कुंडीत घाला. संडासात ओतू नका. डकवीड अर्धवट सुकलेलं असलं तरी पाणी लागताच जागं होतं.

गप्पीष्ट

नाही हो, घरच्या कंपोस्टात जातं. पण वाळवत नव्हतो, आता वाळवीन.

कोरा_चहा

अवांतर: शिंगाडाही पाण्यावरच असतो ना? टँकमध्ये लावला तर उपासाची सोय होईल.

पानगळ

शिंगाड्याची पानं तरंगतात, पण तो तळाच्या गाळात रुजलेला असतो. शिवाय फळाला काटे असतात, गौरामी तुम्हाला शाप देईल.

गोठा_नंबर_एक

आम्ही शिरूरकडचे. टँक नाही, गाई आहेत. पण तरंगत्या वनस्पतीचं विचारताय म्हणून बोलतो, कारण आमच्याकडे अझोल्याचे तीन खड्डे आहेत. सिल्पॉलिनचा कागद अंथरायचा, चाळलेली माती, शेणाचा रबडा, थोडं सुपर फॉस्फेट, वर वीतभर पाणी. गाईंना, कोंबड्यांना घालतो.

आमचा अनुभव एकच, रोज काढायचं. चार दिवस लग्नाला गेलो आणि काढलं नाही तर थरावर थर बसतो, खालचा कुजतो, वास मारतो. तुम्ही त्याला शोभेची वस्तू समजताय म्हणून काढायला हात धजत नाही. पीक समजा. लसूणघास कापताना कोणी हळहळतं का?

अझोल्याच्या पानात नत्र धरणारं ॲनाबीना नावाचं निळं-हिरवं शेवाळ राहतं, त्यामुळे पाण्यात नत्र कमी असलं तरी तो वाढतो. स्फुरद कमी पडलं, ऊन किंवा थंडी जास्त झाली की लाल होतो. उन्हाळ्यात शेडनेट नसेल तर मरतो.

चिंचपेटी

"पीक समजा" हे पटलं. मी खरंच एकेक पान जपत बसले होते, साल्व्हिनियाचंसुद्धा.

दोन आठवड्यांचा हिशेब देते. झाकण बोटभर सरकवलं, स्पंज लावला, रिंगण केलं (पहिलं बुडालं, दुसरं तरंगलं). पण मध्येच एक अपघात झाला. मी ऑफिसात, टँकचं पाणी खाली गेलेलं, म्हणून बाबांनी मदत म्हणून तांब्याने वरून पाणी घातलं. तुळशीला घालतात तसं, धार धरून, रिंगणाच्या बरोब्बर मध्यावर. सातपैकी तीन रोपं उलटी, लाल मुळं आकाशाकडे. संध्याकाळी टूथपिकने सुलटी केली. दोन गेली, एक वाचलं. आता पाच आहेत. टँकवर चिठ्ठी लावली आहे: "पाणी वरून घालू नये. बशीवर ओतावे."

कोरा_चहा

कोथरूडला पाटी लागली! खाली "अपमान होईल" हे राहिलं.

मुठेकाठचा

पाचांची पन्नास होतात, काळजी नको. आता डकवीड.

डकवीड जाळीने कधीच संपत नाही, कारण ते मोकळ्या पाण्यात नसतंच, मुळांत लपलेलं असतं. एका रविवारी सगळी रोपं बाहेर काढा. फ्रॉगबिटचं एकेक रोप बादलीत बुडवून मुळं बोटांनी विंचरा. टँकची वरची कड, फिल्टरचं तोंड, नळ्या, जाळी सगळं पुसा. स्वतःचं मनगटसुद्धा बघा, तिथे दोन चिकटलेले असतात. मग रेड रूट आणि फ्रॉगबिट श्रीखंडाच्या पांढऱ्या डब्यांत खिडकीपाशी पंधरा दिवस ठेवा. पांढऱ्यावर हिरवा ठिपका लगेच दिसतो. रोज सकाळी चहा घेताना बघायचं, दिसला की टूथपिकने उचलायचा. सलग सात दिवस एकही दिसला नाही की परत टँकमध्ये.

साल्व्हिनिया परत आणू नका. छोट्या टँकमध्ये मोलेस्टा आणि रेड रूट एकत्र ठेवायचं म्हणजे दर तिसऱ्या दिवशी कापणी.

अर्धवटराव_नव्हे

साल्व्हिनिया पाण्यात विष सोडते आणि बाकीच्यांना मारते असं एका ग्रुपवर वाचलं. खरं का?

पानगळ

वनस्पती एकमेकींना रसायनांनी त्रास देतात हे खरं आहे, पण जिथे दर आठवड्याला पाव पाणी बदललं जातं तिथे मी आधी सावली तपासेन. तरंगत्या वनस्पतींना कर्बवायू हवेतून मिळतो, त्यासाठी बुडालेल्यांसारखी ओढाताण नाही. उरतात उजेड, खाणं आणि जागा. जिचं पान दुसरीच्या वर चढतं तिला उजेड मिळतो. साल्व्हिनिया वर चढते. फ्रॉगबिटही गर्दीत पानं पाण्याबाहेर उभी करतं. रेड रूट बिचारं पाण्याला टेकूनच राहतं. डकवीडही चपटंच, पण ते इतकं लहान की त्याला कुठलीही फट पुरते.

चिंचपेटी

फ्रॉगबिट पिवळं का, ते राहिलं. नवी पानं हिरवी, जुनी पिवळी. डकवीडची मुळं मात्र लांबलचक झालीत.

मुठेकाठचा

पाणी उपाशी आहे. मुळं लांबली म्हणजे खाणं शोधत फिरतायत. जुनी पानं पिवळी म्हणजे बहुधा नत्र कमी, झाड जुन्यातलं काढून नव्याला देतंय. उलट असतं, नवी पिवळी आणि जुनी हिरवी, तर लोहाकडे बोट दाखवलं असतं. दहा गप्पी आणि दोन चौरस फूट भुकेल्या वनस्पती, शिवाय खत शून्य. पाण्यातलं नत्र दाखवणारं नायट्रेट मोजा.

चिंचपेटी

मोजलं. शून्य. पट्टीचा रंगच बदलला नाही.

गोठा_नंबर_एक

कृषी सेवा केंद्रात १३:०:४५ मिळतं, द्राक्षवाले फवारतात ते. पोटॅशियम नायट्रेटच आहे. १९:१९:१९ चुकूनही घेऊ नका, त्यात युरिया आणि अमोनियाचं नत्र असतं, मासे मरतील.

मुठेकाठचा

अगदी बरोबर. टँकवाले तेच बाटलीत घालून महाग विकतात. ६० लिटरला १ ग्रॅम घातलं की नायट्रेट साधारण १० पीपीएमने (लिटरमागे १० मिलिग्रॅमने) वाढतं. कपात विरघळवून, फिल्टरपाशी, दोन हप्त्यांत. मग आठवड्याने मोजून ठरवा.

पण इथे खरी मेख आहे. रेड रूटचं *पान* लाल व्हायला भरपूर उजेड आणि नायट्रेट कमी लागतं. फ्रॉगबिट गुटगुटीत राहायला नायट्रेट लागतं. पाणी एकच. ज्याच्यावर एकीचं रूप खुलतं ते दुसरीचं उपोषण. तुमचं मूळ चित्र, लाल रेड रूट आणि शेजारी हिरवंगार फ्रॉगबिट, म्हणून अवघड आहे. पाणी वाटून देता येत नाही, उजेड मात्र येतो. रिंगण एलईडीच्या बरोबर खाली घ्या, फ्रॉगबिट कडेला. नायट्रेट ५ ते १० मध्ये ठेवा. पान गडद लाल होणार नाही, कडा लालसर होतील. मुळं तशीही लालच राहतात.

टँकरचं_पाणी

आमच्या उंड्रीत बोअर आणि टँकर. काचेवर पांढरे चट्टे, गीझरची कॉइल चुन्याची. फ्रॉगबिट, साल्व्हिनिया मस्त, रेड रूट दोनदा गेलं.

मुठेकाठचा

टॉपअपला आरओचं पाणी वापरून बघा. पाणी उडतं, क्षार मागे राहतात, टँकरचं पाणी भरत गेलात की दर महिन्याला जास्तच जड होतं. त्या दोन वेळांना झाकण होतं का तेही सांगा, सगळं खापर पाण्यावर नको.

टँकरचं_पाणी

झाकण होतं. :(

पानगळ

चिंचपेटी, पृष्ठभाग पूर्ण झाकू देऊ नका, तिसरा हिस्सा उघडा ठेवा. रात्री वनस्पतीही प्राणवायूच घेतात, एप्रिल-मेमध्ये गरम पाण्यात तो आधीच कमी विरघळतो. आणि गौरामीला हवा घ्यायला वर यावं लागतं.

चिंचपेटी

अडीच महिन्यांनी धागा वर काढतेय.

श्रीखंडाचे तीन डबे, सव्वीस दिवस. पंधरा दिवसांत होईल म्हणालात, पण अठराव्या दिवशी फ्रॉगबिटच्या मुळात एक ठिपका सापडला आणि सात दिवस पुन्हा शून्यापासून मोजले. घरच्यांना वाटतं मी कसलातरी उपास करतेय. साल्व्हिनिया वाळवून काकूंच्याच कुंडीत घातली, त्यांचा टबही रिकामा केला.

आता टँकमध्ये दोघीच. चारांच्या दोन झाल्या, पण दिसायला हे जास्त भरगच्च आहे. दर रविवारी पाणी बदलायच्या आधी फ्रॉगबिटची मूठभर रोपं काढते, जुनी, मोठी पानं पहिली. धावत्या फांद्या रिंगणाकडे निघाल्या की खुडते. नायट्रेट ८ च्या आसपास. फ्रॉगबिटचं पान रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठं झालंय. गौरामीने फ्रॉगबिटच्या मुळांशी बुडबुड्यांचं घरटं बांधलं होतं, एकटाच आहे बिचारा.

आणि रिंगणात बासष्ट रेड रूट. काल बाबांनी ऑफिसात फोन केला, "तुझ्या त्या लाल मुळ्यांना साबुदाणा लागलाय." घरी येऊन बघते तर फूल! पांढरं, साबुदाण्याएवढं, पानाच्या बेचक्यात. बाबा बशी हातात धरून उभे, पाणी घालू की नको.

रिंगण आता पुरत नाही, तीसएक रोपं वाटायची आहेत. शनिवारी संध्याकाळी कर्वे पुतळ्यापाशी येणार असाल तर सांगा. डबा आणा.

गप्पीष्ट

अभिनंदन! मला दहा. बदल्यात गप्पीची पिल्लं देतो, निळ्या शेपटीची.

चिंचपेटी

पिल्लं चालतील. पाणी तुमचं तुमच्याकडेच ठेवा, मी जाळी घेऊन येते.